सव्वाशे फूट पश्चिमेला

मे महिना संपत आला होता. शुक्रवारची दुपार. मिशिगनमध्ये ॲन आर्बरला विद्यापीठाच्या नकाशा संग्रहाच्या तळघरात माझं टेबल होतं, तिथे मी थिसिससाठी एक चित्र तयार करत बसले होते. काम अगदी साधं. एक जुना नकाशा अर्धपारदर्शक करून आजच्या हवाई फोटोवर ठेवायचा आणि तेव्हाचं काय काय अजून जागेवर आहे ते दाखवायचं. मी त्यासाठी एक पवनचक्की निवडली होती. गुरांसाठी विहिरीतून पाणी उपसणारी, लोखंडी पात्यांची. नकाशावर तिचं बारीक चिन्ह होतं आणि फोटोत तिची लांब सावली स्पष्ट दिसत होती. फक्त दोन्ही एका जागी नव्हती. चिन्ह पवनचक्कीच्या पूर्वेला, चांगलंच बाजूला पडलं होतं.

आधी मी दोष त्या जुन्या सर्व्हेअरला दिला. तिवईवर फळा लावून, वाऱ्यात कागद सांभाळत, डोळ्यांनी अंदाज घेत ही माणसं नकाशे काढायची. थोडं इकडेतिकडे होणारच. मग जवळचं चर्च पाहिलं. तेही पूर्वेला. दोन रस्त्यांचा चौक पाहिला. तोही पूर्वेला. मी मापलं. तिन्ही ठिकाणी जवळपास तेवढंच अंतर आलं, सव्वाशे फूट.

माणसाच्या हातची चूक चारी दिशांना विखुरते. इथे सगळं एकाच बाजूला, एकाच मापाने सरकलं होतं. ही सर्व्हेअरची चूक नव्हती. माझी होती.

पृथ्वीवरची जागा आकड्यांत सांगायची तर मोजायला सुरुवात कुठून करायची, हे आधी ठरवावं लागतं. जुन्या नकाशांनी ते एका पद्धतीने ठरवलं होतं, आताचे उपग्रह दुसऱ्या पद्धतीने ठरवतात. त्यामुळे जुन्या नकाशावरून वाचलेले आकडे आजच्या यंत्रात घालण्याआधी बदलून घ्यावे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक चौकट असते, तिच्यावर फक्त टिचकी मारायची. बाकीच्या सगळ्या नकाशांना मी ती मारली होती. शेवटी स्कॅन केलेल्या अकरा नकाशांना मारायची राहून गेली होती.

आणि त्या अकरांतल्या एकावर ते कब्रस्तान होतं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगायला हवं. अमेरिकेच्या मध्यभागी, जिथे पूर्वेकडची शेतजमीन संपते आणि उंच, कोरडा गवताळ मुलूख सुरू होतो, तिथे मूळच्या रहिवाशांसाठी करार करून राखलेले प्रदेश आहेत. इथे त्यांना रिझर्व्हेशन म्हणतात. मी पहिल्यांदा आईला फोनवर म्हणाले की मी रिझर्व्हेशनवर काम करतेय, तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे रेल्वेचं?" अशाच एका प्रदेशाच्या जमीन कार्यालयाला आपल्या मुलखाचे सगळे जुने नकाशे एकत्र हवे होते. त्यांवरचे झरे, घरं, बैलगाड्यांच्या वाटा, कब्रस्तानं, सगळं आजच्या नकाशावर आणून हवं होतं. माझ्या गाइडकडे त्यांनी विचारणा केली, आणि गाइडनी ते काम माझ्याकडे दिलं. मी नागपूरची. सिव्हिल इंजिनीअरिंग करून पीएचडीसाठी इथे आलेली. बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, गावोगावी जाऊन शेतांची मोजणी करायचे. त्यामुळे नकाशा बघितला की मला आपल्या घरातली वस्तू बघितल्यासारखं वाटायचं. जरा जास्तच वाटायचं, हे आता कळतंय.

त्या कार्यालयात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. आधी शाळेत शिकवायच्या, आता जागांची जुनी नावं सांगायला त्यांना बोलावून घेतलं होतं. मार्चमध्ये मी तिकडे गेले तेव्हा त्यांना नावाने हाक मारणं माझ्याच्याने होईना. मी म्हणाले, "आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईंना मावशी म्हणतात. चालेल?"

"म्हणजे काय?"

"आईची बहीण."

"आमच्याकडे आईच्या बहिणीला आईच म्हणतात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे जरा निरखून बघत पुढे म्हणाल्या, "पण आपली अजून एवढी ओळख नाही. मावशी चालेल."

त्या कब्रस्तानाबद्दल मावशींनीच मला सांगितलं होतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, कुठल्याशा टेकाडाच्या खांद्यावर. त्यांच्या आईची थोरली बहीण तिथे होती, लहानपणीच गेलेली. मावशी पाच-सहा वर्षांच्या असताना आईबरोबर एकदा तिथे गेल्या होत्या. पुढे गवताला आग लागून लाकडी क्रूस जळून गेले आणि ती जागा कुणाच्याच नीट लक्षात राहिली नाही. मार्चमध्ये आम्ही शोधायला निघालो, पण बर्फ इतका होता की गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरवावी लागली. मग एप्रिलमध्ये मला एका जुन्या नकाशावर ठिपक्यांची बारीकशी चौकट सापडली, आत एक क्रूस. मी धावतपळत आकडे काढले आणि कार्यालयाला पाठवले. मावशींचा फोन आला. त्यांनी आकडे मला पुन्हा वाचून दाखवायला लावले. मग म्हणाल्या, "सापडलं म्हणजे."

त्याच सुमाराला त्या भागातल्या घरांपर्यंत पाण्याची पाइपलाइन न्यायचं ठरत होतं. माझ्या आकड्यांमुळे कार्यालयाच्या लक्षात आलं की आखलेली लाइन बरोबर कब्रस्तानावरून जातेय. त्यांनी ती पश्चिमेला सरकवून घेतली. किती? ते मला तोंडपाठ होतं, कारण तो नवा आराखडा माझ्याच भिंतीवर लावलेला होता. सव्वाशे फूट.

म्हणजे लाइन मुळात जिथून जाणार होती तिथे काहीच नव्हतं. मी नसते, माझा नकाशा नसता, तर ती माणसं आपल्या जागी सुखात राहिली असती. मी त्यांच्यावरची लाइन हटवली नव्हती. मी ती उचलून त्यांच्यावर नेऊन ठेवली होती.

खोदकाम मंगळवारी सकाळी सुरू होणार होतं.

मी कार्यालयाला फोन केला. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला की कार्यालय आता मंगळवारी उघडेल. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी इथे गेलेल्या माणसांच्या आठवणीची सुट्टी असते, आणि लोक शुक्रवारी दुपारपासूनच निघून जातात. ठेकेदाराच्या नंबरवर निरोप ठेवला. ईमेल केली. मावशींचा मोबाइल बंद होता. त्यांच्या घराजवळ तसाही तो टेकडीवर चढल्याशिवाय लागायचा नाही.

मग गाइडना सांगायला वर गेले. ते खिडकीजवळ उभे राहून सँडविच खात होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं.

"खात्री आहे?"

"हो."

"फोन?"

"कुणी उचलत नाही."

"मग जा," ते म्हणाले. आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, "चूक झाली म्हणून सांग. सुधारित आवृत्ती असं काही म्हणू नकोस."

हे त्यांना कसं सुचलं कोण जाणे. कारण मी जिने चढताना अगदी तोच शब्द मनात घोळवला होता.

घरी माझी रूममेट होती, पुण्याची, कॉम्प्युटर सायन्सवाली. तिने माझ्यासाठी फ्लाइट शोधायला घेतली. शनिवारच्या सगळ्या फुल होत्या, रविवारची एक मिळाली. तिकीट बुक करता करता ती म्हणाली, "यार, तू एवढं टेन्शन का घेतेस? नवी व्ही-टू फाइल पाठव, लाइन शिफ्ट करा म्हणून लिही. कारण कोण विचारतंय? प्रोजेक्ट हातातून गेलं तर तुझ्या फंडिंगचं काय, व्हिसाचं काय?"

ती माझ्या काळजीपोटी बोलत होती. आणि खोटं काहीच बोलत नव्हती. मी कपडे भरत राहिले.

रविवारी सकाळी विमानतळावरून बाबांना फोन लावला. नागपूरला संध्याकाळ झाली होती, ते कुलरला पाणी भरत होते. माझं ऐकून घेतल्यावर त्यांनी पाइप खाली ठेवला, मला तो आवाज आला.

"माझ्याकडूनही झालं होतं एकदा," ते म्हणाले. "हिंगणघाटकडच्या एका गावात. चुकीच्या दगडापासून मोजणीची साखळी धरली. दोन भावांमधला बांध मी पाच हात सरकवून आलो."

"मग?"

"मग काय, परत गेलो. एसटीने. गेलो, सांगितलं, पुन्हा मोजलं. थोरल्याने शिव्या घातल्या, धाकट्याच्या बायकोने चहा दिला."

"तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? तू जाऊन ये. काही खाल्लंस का?"

मी एक पराठा खाल्ला, रूममेटने करून दिलेला. दोन दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी नीट पोटात गेलं होतं.

विमानाने उतरल्यावर भाड्याची गाडी घेऊन रात्रीपुरती एका छोट्या गावात थांबले, आणि सोमवारी सकाळी पुढे निघाले. त्या दिवसांत तो मुलूख हिरवा असतो. वर्षातले जेमतेम सहा आठवडे. बाकी वेळ पिवळा, नाहीतर पांढरा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत वाऱ्याने एका दिशेला लवलेलं. कुंपणाच्या खांबांवर पिवळ्या छातीचे पक्षी बसून जीव तोडून गात होते. एका छोट्या चर्चमागच्या कब्रस्तानात गाड्यांची गर्दी होती, घरंच्या घरं गवत काढत होती, प्लास्टिकची फुलं लावत होती. मी गाडी हळू केली. आज सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांशी होते. माझे फोन कुणी का उचलले नाहीत ते मला तिथे कळलं.

मावशी घरी होत्या. नुकत्याच परत आल्या होत्या, हातांना माती लागलेली होती. तीन कुत्री माझ्या गाडीवर भुंकली, मग कंटाळून सावलीत जाऊन पडली. मला अचानक दारात बघून मावशींनी "काय झालं" असं विचारलं नाही. कॉफी ओतली, समोर ठेवली आणि बसल्या.

मी सांगितलं. चौकट, टिचकी, अकरा नकाशे, पवनचक्की. शेवटी म्हणाले, "तुमची मावशी मी दाखवली तिथे नाही. ती नव्या लाइनखाली आहे. ही माझी चूक आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

मावशींनी कपाकडे बघितलं. मला वाटलं, आता मला जायला सांगतील. मार्चमध्ये त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्या आजीच्या काळी नकाशे घेऊन माणसं आली, जमिनीचे चौकोनी तुकडे पाडले, काही इथल्या लोकांना दिले आणि उरलेले बाहेरच्यांना वाटून टाकले. आजी तेव्हापासून हातात गुंडाळलेला कागद घेऊन येणाऱ्या कुणालाही दारात उभं करायची नाही. आणि मी तर कागद घेऊन थेट स्वयंपाकघरात येऊन बसले होते.

"एप्रिलमध्ये तू आकडे पाठवलेस," मावशी म्हणाल्या, "तेव्हा मी त्या जागी जाऊन आले होते. बर्फ वितळल्यावर. माझा भाचा घेऊन गेला होता. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मला काही आठवलंच नाही. वाटलं, म्हातारी झाले, डोकं चालत नाही. आईबरोबर आलेली जागा आपल्याला ओळखू येऊ नये, ह्याचं फार वाईट वाटलं. कुणाला बोलले नाही."

मी कप खाली ठेवला.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "चल."

त्यांच्या जुन्या पिकअपमधून आम्ही निघालो. शेवटचे दोन मैल रस्ता असा नव्हताच, गवतातून दोन चाकोऱ्या गेलेल्या. लाइनीवर ओळीने नारिंगी झेंड्या रोवल्या होत्या. लोखंडी तारेवरचं इवलंसं प्लास्टिक, वाऱ्यात तडतडणारं. मी लॅबमधून जागा दाखवणारं चांगलं यंत्र आणलं होतं. ह्या वेळी आकडे नीट बदलून घेतलेले. तीनदा तपासलेले. यंत्र पुढे धरून मी चालू लागले, मावशी काठी टेकत मागून येत होत्या.

यंत्र थांब म्हणालं तिथे मी थांबले. आजूबाजूला फक्त गवत होतं. पोटरीपर्यंतचं. माझा धीर सुटला. पुन्हा चुकलं की काय?

"हल इथून," मावशी म्हणाल्या. "तू मध्ये उभी आहेस."

त्या खाली बघत नव्हत्या, दूर बघत होत्या. ओढ्याच्या वळणाकडे, पलीकडच्या दोन टेकाडांमधल्या खाचेकडे. "त्या खाचेत सूर्य होता," त्या म्हणाल्या. "आई म्हणाली होती, डोळे मिटू नकोस, बघून ठेव." मग त्या सावकाश गुडघ्यांवर बसल्या आणि हाताने गवत बाजूला करू लागल्या. मीही बसले. थोड्या वेळाने माझ्या बोटांना दगड लागला. सपाट, मातीत रुतलेला. शेजारी दुसरा. दगड ओळीने लावलेले होते आणि त्यांच्यामधली जमीन किंचित खाली बसलेली होती, अंथरुणात कुणी झोपून उठल्यावर दिसते तशी. अशा पाच जागा आम्हाला सापडल्या. एक अगदीच लहान होती.

त्या लहान जागेपासून हातभर अंतरावर एक नारिंगी झेंडी रोवलेली होती.

मावशी तिथे किती वेळ बसल्या ते मी मोजलं नाही. त्या आपल्या भाषेत काहीतरी बोलत होत्या, एखाद्या लहान मुलीशी बोलावं तशा. मी पिकअपकडे जाऊन उभी राहिले.

त्या परत आल्यावर मी म्हणाले, "ही झेंडी काढून टाकू का?"

"नको. ती त्यांची वस्तू आहे. उद्या ते येतील तेव्हा आपण इथे असू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही तिथे होतो. ऊन केव्हाच वर आलं होतं, पण वाऱ्यात अजून थंडी होती. मावशींनी पिकअप लाइनीवर आडवी लावली, इंजिन बंद केलं आणि विणकाम काढलं. मी काचेतून रस्त्याकडे बघत बसले. ते ऐकतील का? ठेका, मुदती, माणसं, यंत्रं, सगळं ठरलेलं. एका परदेशी विद्यार्थिनीने येऊन म्हणावं की थांबा, माझी टिचकी राहिली?

सातच्या सुमाराला धूळ दिसली. पुढे एक पांढरा ट्रक, मागे लांब ट्रेलरवर खोदायचं यंत्र. ट्रकमधून एक उंच, जाडजूड माणूस उतरला, पन्नाशीचा. तो कामाचा फोरमन होता. त्याने आधी पिकअपकडे पाहिलं, मग मावशींकडे, आणि लगेच डोक्यावरची टोपी काढली. मावशींनी त्याला तिसरीत शिकवलं होतं, हे मला नंतर कळलं.

"आंटी, गाडी बिघडली का?"

"गाडी चांगली आहे. ही मुलगी काय सांगते ते ऐक."

मी गाडीतून उतरले. रस्ताभर ठरवून ठेवलेली वाक्यं विसरले. एवढंच म्हणाले, "मी दिलेले आकडे चुकीचे होते. कब्रस्तान तिथे नाही. इथे आहे. चला, दाखवते."

तो आला. मी गवत बाजूला करून दगड दाखवले. एक, दोन, तीन. पाचव्या, लहान जागेपाशी तो उकिडवा बसला. त्याने झेंडीकडे पाहिलं, मग ट्रेलरवरच्या यंत्राकडे.

"आज यंत्राचा पहिला दात इथेच लागणार होता," तो म्हणाला. "ह्या टोकाकडून सुरुवात होती."

मग तो माझ्याकडे वळला.

"आकडे चुकल्याचं तुला कसं कळलं?"

मी पवनचक्कीचं सांगितलं. त्याने मान हलवली. "ती माझ्या आजोबांनी बसवलेली. जागची हललेली नाही ती कधी." मग तो उठला, टोपी घातली आणि ट्रककडे जाऊन वायरलेसवर बोलू लागला. वाऱ्यामुळे आम्हाला अर्धंच ऐकू येत होतं. "नाही... आज नाही... दुसऱ्या टोकाकडून धरा... हो, सगळ्यांना तिकडे न्या." परत येताना त्याने स्वतः एकेक झेंडी उपटली आणि बगलेत धरली.

"इंजिनीअरची सही लागेल," तो मला म्हणाला. "नवी लाइन ते आखतील. पण इथे कुणी काही खोदणार नाही. माझा शब्द."

मी पिकअपच्या पायरीवर बसले आणि रडायलाच लागले. बरं वाटल्यावर रडू येतं हे ऐकून माहीत होतं, पण इतकं येतं हे ठाऊक नव्हतं. फोरमनने त्याच्या थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून दिली. भयंकर गोड होती. मावशींनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि विणकामाचे टाके मोजत राहिल्या.

गुरुवारी जमीन समितीची बैठक होती. मला तिथे उभं राहून तेच सगळं पुन्हा सांगावं लागलं. सातजण होते, टेबलाभोवती. सर्वांत वयस्कर सभासदाने विचारलं, "एवढी एकच चूक आहे का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "ह्या अकरा नकाशांवरच्या सगळ्या खुणा चुकल्या आहेत, एवढं नक्की. त्या आता दुरुस्त केल्यात. पण जागेवर जाऊन बघितल्याशिवाय मी आता कशाचीच खात्री देणार नाही."

"जागेवर जाऊन बघायला किती दिवस लागतील?"

"उन्हाळाभर."

त्यांनी आपसात थोडं बोलून घेतलं. मला वाटलं, प्रोजेक्ट गेलं. रूममेटचं बोलणं आठवलं. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "राहणार कुठे? मोटेल फार लांब आहे."

"माझ्याकडे," मावशी मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या. "एक खोली रिकामीच आहे. कुत्र्यांना हिची सवय झालीय."

त्या रात्री मी आठ तास झोपले.

तो उन्हाळा आम्ही चालण्यात घालवला. नकाशावर खूण दिसली की आम्ही निघायचो. कधी ती सापडायची, कधी तिथे नुसता उंचवटा असायचा, कधी घराच्या पायाचे चार दगड आणि शेजारी कुणीतरी एके काळी लावलेलं जांभळ्या फुलांचं लायलॅकचं झुडूप. झऱ्यांची नावं सर्व्हेअरांनी आपल्या मनाने घातलेली होती, कुणा गुराख्याचं, कुणा अधिकाऱ्याचं. मावशी मला खरी नावं सांगायच्या आणि माझा उच्चार चुकला की शाळेतल्यासारख्या पुन्हा म्हणायला लावायच्या. काही जागांपाशी आल्यावर त्या म्हणायच्या, "हे लिहू नकोस." मग मी लिहायचे नाही. सुरुवातीला मला ते जड गेलं. घरात भूकरमापक असलेल्या मुलीला कागदावर कोरी जागा सोडणं म्हणजे अर्धवट काम केल्यासारखं वाटतं. पुढे सवय झाली. कब्रस्तानाची जागाही आता फक्त समितीकडच्या प्रतीत आहे. त्याच भागाचा नकाशा असल्याने पवनचक्कीचं ते चित्रही मी थिसिससाठी केलंच नाही.

जुलैमध्ये मावशींच्या घरच्या माणसांनी मिळून त्या पाच जागांभोवती तारेचं साधं कुंपण घातलं. मलाही बोलावलं होतं. फोरमन आपल्या दोन मुलींना घेऊन आला. मी खांब धरायचं काम केलं. मावशींनी एका दगडाशी त्यांच्या रीतीप्रमाणे तंबाखूची चिमूट ठेवली, मग सगळ्यांनी मिळून सूप आणि ब्रेड खाल्ला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. मला वाटलं होतं काहीतरी फार गंभीर होईल, पण लोक हसत होते. आपलं माणूस सापडल्यावर जसं हसतात तसं.

ऑगस्टच्या शेवटी मी सगळी तपासलेली फाइल समितीला दिली. त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, दोन ठिकाणी "सापडलं नाही" असं लिहिलं होतं ते त्यांना आवडलं. मग सह्या झाल्या. मावशींनी मला जाताना उकडलेली अंडी आणि लोकरीची टोपी दिली, मिशिगनच्या थंडीसाठी, आणि म्हणाल्या, "आता जा, अंधार व्हायच्या आत विमानतळाच्या गावी पोच."

दुपारी तीनच्या सुमाराला प्रदेशाची हद्द ओलांडली. पुढे शंभर मैल सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कापलेलं गवत. अचानक डोळे इतके जड झाले की गाडी बाजूला घ्यावी लागली. काच खाली केली, सीट मागे पाडली आणि मी तिथेच झोपून गेले. किती वेळ ते कळलं नाही. गाडीच्या टपावर टकटक झाली तेव्हा एक शेतकरी त्याचा ट्रॅक्टर थांबवून उभा होता.

"सगळं ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "अगदी ठीक. फक्त झोप आली होती."

तो हसला, टोपीला हात लावला आणि गेला. मी एक अंडं सोलून खाल्लं, पाणी प्याले आणि गाडी सुरू केली.